'परफेक्ट ब्लू' : रक्तापेक्षा कात्रीने भेदरवणारा चित्रपट

जपानी दिग्दर्शक सातोशी कोन यांच्या 'परफेक्ट ब्लू' या अ‍ॅनिमेशनपटाच्या सुरुवातीला एक छोटेसे दृश्य येते. पहिल्यांदा पाहताना त्याकडे फारसे लक्ष जात नाही. मंचावर तीन मुली गात-नाचत आहेत. गणवेशातला एक तरुण, जो खरे तर गर्दीवर नजर ठेवायला नेमलेला आहे, मंचाकडेच टक लावून उभा आहे. तो हात पुढे करतो आणि तळवा अशा बेताने धरतो की दूरवर नाचणारी मीमा जणू त्याच्या तळव्यावर नाचू लागते. कॅमेरा त्या वेळी त्याच्या डोळ्यांच्या जागी आहे, त्यामुळे ती आपल्याही तळव्यावर नाचत असते. या चित्रपटाचे नाव निघाले की खून, बलात्काराचे दृश्य आणि रक्त यांचीच चर्चा आधी होते, आणि 'अ‍ॅनिमेशन असूनही' हे शब्द त्याला हमखास जोडले जातात. माझे ठाम मत असे आहे की या चित्रपटाची खरी दहशत त्याच्या संकलनात, म्हणजे कात्रीत, आणि तो प्रेक्षकाला ज्या जागी नेऊन बसवतो त्या जागेत आहे. पाव शतक उलटून गेल्यावरही तो शिळा झालेला नाही, याचे कारणही तिथेच सापडते.

योशिकाझु ताकेउची यांच्या १९९१ सालच्या कादंबरीवर हा चित्रपट बेतलेला आहे, पण मूळ कथेपासून तो बराच दूर गेला आहे. आधी त्यावर प्रत्यक्ष नट-नट्या घेऊन चित्रपट करण्याचा विचार होता. जानेवारी १९९५ मधल्या कोबेच्या भूकंपाने निर्मितीसंस्थेचे नुकसान झाले, पैशाची ओढाताण सुरू झाली आणि प्रकल्प व्हिडिओ कॅसेटवर विकायच्या अ‍ॅनिमेशनपटापर्यंत खाली आला. मॅडहाऊस या स्टुडिओने तो कोन यांच्याकडे सोपवला. कोन मुळात मांगा म्हणजे जपानी चित्रकथांचे चित्रकार होते, 'अकिरा'कार कात्सुहिरो ओतोमो यांच्याबरोबर काम करून तयार झालेले होते, आणि पूर्ण लांबीचा हा त्यांचा पहिलाच चित्रपट होता. पटकथा सादायुकी मुराई यांनी लिहिली. १९९७ साली मॉन्ट्रियलच्या फँटेशिया महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला, आणि जपानमधल्या चित्रपटगृहांत यायला त्याला फेब्रुवारी १९९८ उजाडला. लांबी केवळ ८१ मिनिटे. हे सारे सांगण्याचे कारण असे की या चित्रपटाची काटकसर आजही पडद्यावर दिसते, आणि त्या काटकसरीतूनच त्याची शैली घडली आहे. हालचालींची चित्रे मोजकी आहेत, पण प्रत्येक चौकट विचार करून ठेवलेली आहे. जिथे मोठ्या खर्चाचा चित्रपट कॅमेरा फिरवून परिणाम साधेल, तिथे कोन एका कटवर काम भागवतात.

कथा थोडक्यात अशी. मीमा किरिगोए ही 'चॅम' नावाच्या तीन मुलींच्या गायनगटात आहे. गट फारसा चालत नाही, म्हणून तिची संस्था तिला गाणे सोडून अभिनयाकडे वळवते. संस्थेचे प्रमुख तादोकोरो यांना हा बदल हवा आहे. तिची काळजी वाहणारी व्यवस्थापक रूमी, जी एके काळी स्वतः गायिका होती, तिला तो मुळीच पसंत नाही. 'डबल बाइंड' नावाच्या गुन्हेगारी मालिकेत मीमाला सुरुवातीला एकच वाक्य मिळते: 'तू कोण आहेस?' हे वाक्य ती चित्रीकरणाच्या ठिकाणी कोपऱ्यात उभी राहून पुन्हा पुन्हा घोकते. पुढे भूमिका वाढते, पण ती वाढते बलात्काराच्या दृश्यामुळे. मग नग्न छायाचित्रे येतात. दरम्यान इंटरनेटवर 'मीमाची खोली' नावाचे एक पान चालू असते, त्यावर तिच्या नावाने रोजनिशी लिहिली जात असते, आणि ज्यांनी ज्यांनी तिला या वाटेवर आणले त्यांचे खून पडू लागतात. याहून अधिक सांगणे न पाहिलेल्या वाचकावर अन्याय करणारे होईल.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे संकलनाकडे येतो. अगदी पहिल्या गाण्यापासून कोन आपल्याला एका सवयीत अडकवतात. मंचावरचा झगमगाट मध्येच तुटतो आणि आगगाडीच्या खिडकीच्या काचेत मीमाचे प्रतिबिंब दिसते, पुन्हा मंच, मग दुकानात किराणा घेणारी साधी मुलगी, पुन्हा मंच. एक जाहीर मीमा आणि एक खाजगी मीमा, आणि त्यांच्यामध्ये फक्त कात्री. इथवर हे सगळे समजण्यासारखे आहे, कारण दोन्हींमधली सीमा स्पष्ट आहे. चित्रपटाच्या मध्यावर मात्र हीच कात्री आपल्या विरोधात वापरली जाते. मीमा घाबरून जागी होते, दिवस सुरू होतो, काहीतरी भयंकर घडते, आणि ती पुन्हा त्याच पलंगावर जागी होते. ती रडते आहे असे वाटत असतानाच दिग्दर्शकाचा आवाज येतो आणि कळते की हे मालिकेचे चित्रीकरण होते. मालिकेतली मानसोपचारतज्ज्ञ तिच्या पात्राच्या दुभंगलेल्या मनाचे निदान करते, आणि ते निदान पात्राचे की मीमाचे हे ठरवायला आपल्याकडे काहीच साधन उरत नाही. प्रत्येक वेळी आपण पायाखालची जमीन चाचपतो, तेवढ्यात पुढचा कट ती काढून घेतो.

हे अ‍ॅनिमेशनमध्येच इतके परिणामकारक होऊ शकले, असे मला वाटते. प्रत्यक्ष चित्रणात नायिकेची दुसरी प्रतिमा दाखवली की प्रेक्षक लगेच ओळखतो की ही कॅमेऱ्याची करामत आहे. इथे खरी मीमा आणि गुलाबी-पांढऱ्या झालरीच्या पोशाखातली भासमान मीमा या दोघी एकाच रेषेने काढलेल्या आहेत, एकाच रंगाने भरलेल्या आहेत, आणि म्हणून पडद्यावर दोघींचा हक्क सारखाच आहे. ही भासमान मीमा रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांवरून हलक्या उड्या मारत पळते, तेव्हा तिच्या पायांना वजन नसते. उलट खरी मीमा पायऱ्या उतरते, धडपडते, धापा टाकते. चित्रपटातल्या एका पाठलागात धावणारी व्यक्ती एक आहे आणि दुकानांच्या काचांत उमटणारे तिचे प्रतिबिंब दुसरेच आहे. हसत, गिरक्या घेत चाललेली आकृती आणि काचेतले दमछाक झालेले प्रतिबिंब एकाच चौकटीत दिसतात. एवढ्या एका चित्रात चित्रपटाचा सगळा विषय सामावलेला आहे, आणि त्यासाठी एकही शब्द खर्ची पडलेला नाही.

मासाहिरो इकुमी यांच्या संगीताचाही यात मोठा वाटा आहे. 'चॅम'चे गाणे खरोखरच गोड आहे, ऐकणाऱ्याच्या तोंडी सहज बसणारे. त्याची टवाळी केलेली नाही. म्हणूनच ते सोडून जाताना मीमाला काय वाटत असेल हे आपल्याला कळते, आणि त्यानंतर येणारे कर्कश इलेक्ट्रॉनिक स्वर अधिक टोचतात.

ज्या दृश्यामुळे हा चित्रपट कुप्रसिद्ध झाला, त्याबद्दल सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. मालिकेच्या चित्रीकरणात मीमाच्या पात्रावर एका क्लबच्या मंचावर सामूहिक बलात्कार होतो. कोन ते दृश्य सलग दाखवत नाहीत. मध्येच चित्रीकरण थांबते, दिवे बदलतात, तंत्रज्ञ आपापली कामे करतात, आणि तिच्या अंगावर असलेला नट खालच्या आवाजात तिची माफी मागतो. मग दिग्दर्शकाची खूण होते आणि तो पुन्हा तेच करू लागतो. रूमी दुसऱ्या खोलीतून हे पाहते आणि रडत उठून जाते. अत्याचार खोटा आहे हे ठाऊक असूनही त्या मुलीला होणारी वेदना खोटी नाही, हे या विरामांमुळे अंगावर येते. आपण ओरडू शकत नाही, कारण 'हे तर फक्त चित्रीकरण आहे'. आणि तिथे उभे असलेले प्रत्येक माणूस स्वतःला नेमके हेच सांगत असते.

या दृश्यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो: ज्या नजरेचा चित्रपट निषेध करतो, त्याच नजरेने तो मीमाच्या देहाकडे पाहतो. हा आक्षेप मला पूर्णपणे खोडून काढता येत नाही. दृश्य गरजेपेक्षा लांबले आहे आणि त्यातल्या काही चौकटी प्रेक्षकाला दोषी ठरवण्याआधी त्याची करमणूक करतात. नग्न छायाचित्रांच्या प्रसंगाबाबतही तेच म्हणता येईल. तरीही या दृश्याला जो अर्थ मिळतो, तो त्यानंतरच्या शांत प्रसंगामुळे. मीमा घरी येते, तिच्या छोट्या खोलीतल्या काचेच्या टाकीत मासे मेलेले दिसतात, आणि दिवसभर हसतमुख राहिलेली ती मुलगी कोसळते. अर्थातच मला ते करायचे नव्हते, असे ती उशीवर डोके आपटून रडत म्हणते. पण एवढ्या लोकांची अडचण कशी करायची, म्हणून केले. माझ्या मते संपूर्ण चित्रपटातला सर्वांत भयंकर क्षण हाच आहे. तिच्यावर कुणी चाकू उगारलेला नव्हता. कुणी दरडावलेही नव्हते. सगळे सौजन्याने वागत होते, तिची चौकशी करत होते, आणि त्या सौजन्यातच तिचा नकार विरघळून गेला. संमतीविषयी नंतरच्या काळात जगभर जी चर्चा झाली, तिच्यातला सर्वांत अवघड भाग १९९७ सालच्या या दोन मिनिटांत आहे.

जपानच्या मनोरंजनव्यवसायाची पार्श्वभूमी लक्षात घेतली तर हे अधिक स्पष्ट होते. ऐंशीच्या दशकात दूरचित्रवाणीवरच्या गाण्यांच्या कार्यक्रमांनी 'आयडॉल' म्हणवल्या जाणाऱ्या तरुण गायिकांना घराघरांत पोहोचवले होते. नव्वदच्या दशकात तो बहर ओसरला आणि 'चॅम'सारखे दुय्यम गट छोट्या मंचांवर, मोजक्या पण कट्टर चाहत्यांपुढे तग धरून राहिले. १९९१ मध्ये एका लोकप्रिय तरुण अभिनेत्रीच्या नग्न छायाचित्रांच्या संग्रहाने प्रचंड खळबळ उडवली आणि मग तशा संग्रहांची लाटच आली. म्हणजे मीमापुढे ठेवलेली वाट त्या काळात कल्पित नव्हती. आयडॉलकडून निष्पापपणाची अपेक्षा करायची, आणि तो निष्पापपणा गेला की तोही विकायचा, असा तो व्यवहार होता. पुढेही तो फारसा बदलला नाही. २०१३ मध्ये एका अतिशय यशस्वी गटातल्या मुलीचे प्रेमसंबंध उघड झाले, तेव्हा तिने डोके मुंडून रडत रडत चाहत्यांची माफी मागितली आणि ती चित्रफीत प्रसिद्ध केली गेली.

'या चित्रपटाने इंटरनेटचे भविष्य वर्तवले' असे विधान त्याच्याविषयीच्या जवळजवळ प्रत्येक लेखात असते. त्यात तथ्य आहे, पण ते कोन यांच्या निरीक्षणशक्तीला कमी लेखणारेही आहे. चित्रपटातली मीमा संगणकाच्या बाबतीत अगदीच अडाणी आहे. ब्राउझर म्हणजे काय, पत्ता कुठे लिहायचा, हे रूमी तिला शिकवते. 'मीमाची खोली' पहिल्यांदा वाचताना ती चक्क हसते. आगगाडीतून उतरताना आपण कोणता पाय आधी टाकतो हेही लिहिणाऱ्याला माहीत आहे, याची तिला गंमत वाटते. आणि मग एका ओळीवर ते हसू थांबते. इतके बारीक बारीक तपशील गोळा करणारा माणूस आपल्या किती जवळ असला पाहिजे, हा विचार तिच्या चेहऱ्यावर उमटताना आपण पाहतो. पण याच चित्रपटात फॅक्स यंत्रातून 'विश्वासघातकी' हा एकच शब्द ओळीमागून ओळ छापून येतो, आणि चाहत्याच्या पत्रातून स्फोटही होतो. पाठलाग करणारी, मालकी सांगणारी वृत्ती आधीपासून होतीच. कोन यांनी ती टपालात, फॅक्समध्ये आणि संगणकात एकाच वेळी ओळखली.

नंतरच्या घटनांनी त्यांची भीती दुर्दैवाने खरी ठरवली. २०१४ मध्ये इवाते प्रांतात चाहत्यांशी हस्तांदोलनाच्या कार्यक्रमात एका माणसाने दोन गायिकांवर करवतीने हल्ला केला. मे २०१६ मध्ये तोक्योच्या कोगानेई भागात एका तरुण गायिकेवर तिच्या चाहत्याने चाकूचे अनेक वार केले. पाठलागाविरुद्धचा कायदा जपानमध्ये २००० सालीच झाला होता, पण समाजमाध्यमांवरून सतत पाठवले जाणारे संदेश तेव्हा त्याच्या कक्षेत येत नव्हते; २०१६ च्या अखेरीस कायद्यात दुरुस्ती करून ते आणावे लागले. २०१९ मध्ये तर एका माणसाने गायिकेने स्वतः काढलेल्या छायाचित्रात तिच्या डोळ्यांतले प्रतिबिंब मोठे करून पाहिले, रस्त्यांची दृश्ये दाखवणाऱ्या नकाशासेवेशी ताडून तिचे रेल्वेस्थानक शोधले आणि तिचे घर गाठून तिच्यावर हल्ला केला. काचा, खिडक्या आणि आरसे यांनी भरलेला हा चित्रपट त्यानंतर पाहताना छातीत धस्स होते.

चित्रपटांच्या जगातला त्याचा वारसा बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून त्यावर फार रेंगाळत नाही. डॅरेन अ‍ॅरोनॉफ्स्की यांच्या २००० सालच्या 'रिक्विएम फॉर अ ड्रीम'मध्ये पाणी भरलेल्या टबात तोंड बुडवून किंचाळणारी स्त्री थेट मीमाच्या दृश्यावरून आली आहे. २०१० सालच्या त्यांच्या 'ब्लॅक स्वान'मधले साम्यही अनेकांनी दाखवले. साम्य असल्याचे त्यांनी मान्य केले, प्रभाव मात्र नाकारला. मॅडोनाने २००१ सालच्या जागतिक दौऱ्यात या चित्रपटातले तुकडे मंचामागच्या पडद्यावर वापरले. या साऱ्यांनी चित्रपटातल्या प्रतिमा उचलल्या. त्याची कात्री मात्र पुरतेपणी स्वतः कोन यांनीच पुढे नेली. २००१ सालच्या 'मिलेनियम अ‍ॅक्ट्रेस'मध्ये एका अभिनेत्रीचे आयुष्य आणि तिच्या भूमिका यांची सरमिसळ करताना त्यांनी तेच तंत्र वापरले, आणि तिथे त्यातून भीतीऐवजी ओढ आणि आनंद निर्माण केला. एकच साधन इतक्या परस्परविरुद्ध भावनांसाठी वापरू शकणारा दिग्दर्शक २४ ऑगस्ट २०१० रोजी, वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी गेला, याची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही.

चित्रपटाच्या उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. सर्वांत मोठी उणीव शेवटाकडे जाताना जाणवते. तासभर ज्याने आपल्याला कशाचीच खात्री बाळगू दिली नाही, तो चित्रपट अखेरीस गुन्हेगार, हेतू आणि मनोविकार यांची नीट घडी घालून हाती देतो. कोडे सुटते, पण त्याबरोबर दोषही एका आजारी मनावर ढकलला जातो, आणि मीमाला त्या वाटेवर नेणारा सभ्य व्यवसाय मोकळा सुटतो. दुसरी उणीव चित्रणाची आहे. सुरुवातीच्या दृश्यातल्या त्या पाठलाग करणाऱ्या तरुणाचा चेहरा मुद्दाम विद्रूप काढला आहे, दात वेडेवाकडे आहेत, डोळे एकमेकांपासून फार दूर आहेत. दिसण्यावर विश्वास ठेवू नका असे ज्या चित्रपटाची प्रत्येक चौकट सांगते, त्याने दुष्टपणा ओळखू यावा म्हणून कुरूपतेचा आधार घ्यावा, हे खटकते. तो चारचौघांसारखा दिसला असता तर अधिक भीती वाटली असती. स्त्रीच्या वाढत्या वयाकडे आणि स्थूल देहाकडे पाहण्याची चित्रपटाची दृष्टीही अशीच निष्ठुर आहे.

एवढे असूनही माझी शिफारस निःसंदिग्ध आहे, मात्र ती प्रौढांसाठीच आहे. लैंगिक हिंसा, जवळून दाखवलेले चाकूहल्ले आणि मानसिक कोसळणे यांपैकी कशाचाही त्रास होत असेल, तर हा चित्रपट न पाहणे हा पूर्णपणे योग्य निर्णय आहे. तो पाहिला नाही म्हणून कुणाची रसिकता उणी ठरत नाही. अ‍ॅनिमेशन आहे म्हणून घरातल्या किशोरवयीन मुलांसमोर तो सहज लावू नये. पाहायचा असेल तर अलीकडे उपलब्ध झालेली, नव्याने साफ केलेली ४के प्रत निवडावी, कारण जुन्या प्रतींमध्ये रात्रीच्या दृश्यांतले काचेवरचे हलके प्रतिबिंब अंधारात बुडून जाते आणि त्याबरोबर अर्थही बुडतो. आवाज मूळ जपानीच ठेवावा. जुन्को इवाओ यांनी मीमाला दोन आवाज दिले आहेत, मंचावरचा उंच, लाडिक आवाज आणि आईशी फोनवर बोलतानाचा साधा, थकलेला आवाज. चित्रपट पुढे सरकतो तसे हे दोन आवाज नको त्या जागी ऐकू येऊ लागतात. आणि ८१ मिनिटे सलग द्यावीत. मध्ये थांबवून, उद्या पुढचा भाग पाहू असे केले, तर कोन यांनी इतक्या काळजीने बांधलेला गोंधळ सुटून जातो आणि हाती फक्त खुनांची यादी उरते.